सात नंबरची गुंडाळलेली गादी

सत्त्याण्णव साली नाशिकरोडच्या एका दवाखान्यात चंद्रभागाबाई मेट्रन म्हणून आल्या आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी खाटा हलवल्या. कारण सरळ होतं. कोपऱ्यातला पेशंट अखेरचे आचके देई, तरी टेबलाशी बसलेल्या सिस्टरला पत्ता लागत नसे. आता जो जास्त आजारी, तो टेबलाजवळ. नामपूरचे गोटीराम आबा असे सातवरून एकवर आले, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला. सातची गादी गुंडाळून ठेवली.

बाई एवढंच विसरल्या, की वॉर्डात गुंडाळलेली गादी म्हणजे माणूस गेला.

आबांचा मुलगा रविराज चहा पिऊन वर आला, गादी बघितली, आल्या पावली उतरला आणि टेम्पोभर भाऊबंद घेऊन परतला. माणसं होती सोळा. पुढे सांगणाऱ्यांनी साठ केली. आपण चाळीस धरू.

पहिल्या दणक्यात औषधांचं कपाट आडवं झालं. काचा अशा फुटल्या की एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीवरचे कावळे उडाले. वॉर्डबॉय काळूचे दोन दात पडले. मीना सिस्टरला वेणी धरून दारापर्यंत फरफटवलं.

"मना बाप कोठे शे?" रविराज विचारी, आणि उत्तर यायच्या आत मारी.

मग सलाइनचा लोखंडी स्टँड उपसून तो टेबलाकडे वळला. त्याच्या लाथेनं सिलिंडर कलंडला, नळी निसटली. चंद्रभागाबाईंना स्टँडच्या आधी आबांचे निळे पडत चाललेले ओठ दिसले. त्या खाटेवर आडव्या पडल्या, डाव्या हातानं नळी बसवून दाबून धरली, उजवा वर केला. स्टँड तीनदा बसला. दुसऱ्या वेळी ऊस मोडावा तसं हाड मोडलं. नळी त्यांनी सोडली नाही.

चौथ्यांदा स्टँड उचलला, तेव्हा बाईंच्या अंगाखालून एक सुरकुतलेला हात आला आणि त्यानं रविराजची गचांडी धरली.

"आठेच शे मी, बैल्या." आबा इथेच होते, एक नंबरवर.

संध्याकाळी मालक डॉक्टर म्हणाले, खाटा होत्या तशा करा.

"खाटा हलणार नाहीत," प्लॅस्टरमधला हात सावरत बाई म्हणाल्या. "हलवण्याआधी नातेवाइकांना नवी खाट दाखवायची, हे नियमात लिहायला मी चुकले. त्याचा मार खाल्ला."

आणि डाव्या हातानं त्यांनी ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी अकरा नंबरच्या म्हातारीला पुढे आणायचं ठरलं, तेव्हा खाली बसलेल्या तिच्या सुनेला नवी खाट बघायला वर बोलवायचं होतं. हाक मारायला त्यांनी बापाच्या उशाशी बसलेल्या रविराजलाच उभं केलं. त्याचा आवाज कुठवर जातो, ते साऱ्या वॉर्डानं ऐकलं होतं.