लेमची सहा वर्षं

माझ्या नवऱ्याने, लेम्युअलने, वयातली सहा वर्षं ढापली होती, हे आमच्या दक्षिणेतल्या बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या आमच्या काळ्या पिचरांपैकी कुणी ढापली नव्हती? गोऱ्यांच्या संघांनी दार किलकिलं केलं तोवर आमची पोरं तिशी ओलांडून गेली होती. खरं वय सांगितलं की दार बंद! म्हणून छत्तिसाव्या वर्षी लेम तीस वर्षांचा होता. उत्तरेतल्या एका मोठ्या संघाकडून एक मोसम खेळलाही, आणि चेंडू असा टाकला की वय विचारायची कुणाची छाती झाली नाही.

त्या हिवाळ्यात तिकडच्या पेपरचा गोरा बातमीदार आला. प्रार्थनेनंतरच्या जेवणाला आम्हीच त्याला बोलावलं, मूर्ख आम्ही. सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. सासूबाईंना कोण पढवणार? त्या जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या, म्हणून त्यांना लांब कोपऱ्यात बसवलं. हा मेला तळलेल्या कोंबडीची ताटली घेऊन नेमका तिथेच गेला.

"काय मावशे, लेम केव्हापासून चेंडू टाकतो गं?"

"रांगायचा तेव्हापासून! सतरा साली त्याचा बाप लढाईवर निघाला, तर ह्याने बटाटाच हाणला त्याच्या टाळक्यात!"

सगळे खो खो हसले. बातमीदारही हसला. संघाच्या कागदांवर मात्र लेमचा जन्मच एकोणीसशे बावीसचा होता.

पेपरात छापून आलं, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात संघाच्या साहेबाचा फोन आला. मी लेमच्या खांद्याला खेटून ऐकत होते.

"फसवलंस तू आम्हाला. म्हाताऱ्या पिचरचं आम्ही काय लोणचं घालू? वसंतात सरावाला येऊ नकोस."

लेम कधी आवाज चढवायचा नाही. त्या दिवशी दुकान हादरलं.

"चोविसाव्या वर्षी तुमच्याच मैदानावर खेळलोय मी, साहेब! तुमचा संघ परगावी गेला की आम्हाला मैदान भाड्याने द्यायचात. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचात. तेव्हा का नाही विचारलंत वय?"

तिकडून फोन आपटला. त्याचा राग माझा अजून गेलेला नाही. चोर म्हणे आम्ही!

घरी सासूबाई कोट, टोपी घालून तयार बसलेल्या. मांडीवर बायबल.

"मला त्या साहेबाकडे ने, लेम. ह्याच्यावर हात ठेवून सांगते, माझा मुलगा तीस वर्षांचा आहे."