पत्ते मांडायचं यंत्र

घटस्थापना झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी गिरिजाबाईंचा फोन आला. त्या कळंबला माझ्या आईच्या, म्हणजे शरणाक्कांच्या, शेजारी राहतात.

"रंजनी, रागावू नको, पण सांगते. शरणाक्का दिवेलागण झाली की ओट्यावर येऊन बसतेत, ते बसतेतच. आत जायचं नाव न्हाय. काल मी ताट घेऊन आले तवा जेवल्या. आत काय हाय, म्हणतेत."

"तब्येत बरी आहे ना?"

"तब्येतीला काय धाड भरलीय? ते डबडं बंद पडलंय न्हवं का, तवापासनं."

डबडं म्हणजे अप्पांचं नेटबुक. वहीएवढा संगणक. असल्या छोट्या संगणकांची फॅशन होती तेव्हा अप्पांनी भुसार दुकानासाठी घेतलेला. दुकानात त्याचा फारसा उपयोग झाला नाही. झाला तो घरी. दुकान बंद करून आले, लिंगपूजा आणि जेवण झालं की अप्पा पाटावर नेटबुक ठेवत आणि पत्ते मांडत, एकट्यानं खेळायचे ते. आई शेजारी बसे. पानं अप्पा हलवत, चुका आई काढी. दिवसभर त्यांना 'अहो' म्हणणारी आई तेवढ्या वेळात त्यांना 'हुच्चा' म्हणे. तिचं माहेर बसवकल्याणचं. हुच्चा म्हणजे कानडीत वेडा. अप्पा हसत आणि पुढचं पान मुद्दाम चुकवत.

अप्पा वैशाखात गेले. त्यानंतरही आई रोज संध्याकाळी नेटबुक उघडायची, एवढं मला माहीत होतं. ते बंद पडल्याचं तिनं मला सांगितलं नव्हतं.

मी रजा टाकून कळंबला आले. पुण्यात मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासते. दुसऱ्यांच्या चुका शोधण्याची सवय आहे, यंत्रांच्या नाही. आईनं चहा दिला, नेटबुक पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "हे बरं कर."

काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ होती, कार्यप्रणाली सापडत नाही अशा अर्थाची. जुन्या विंडोजची सीडी कुठं गेली कुणास ठाऊक, आणि गेली नसती तरी या यंत्राला सीडी घालायला जागाच नव्हती. बॅटरी संपलेली, वायर भिंतीत असेल तोवरच जीव. मेमरी एक जीबी. तेव्हा लिनक्स, विंडोजच्या जागी बसवता येणारी फुकटातली कार्यप्रणाली. जुन्या यंत्रांना लिनक्स नवं आयुष्य देतं, असं मी कुठंतरी वाचलं होतं. ज्यानं लिहिलं त्यानं आमचं नेटबुक पाहिलेलं नव्हतं.

महांतेश, माझा आतेभाऊ, बंगळूरला संगणकाच्याच धंद्यात आहे. त्याला फोन केला.

"ताई, ते म्युझियमला दे."

"कुठलं लिनक्स टाकू तेवढं सांग."

"कुठलंही टाक. आतून सगळी एकच."

"एकच आहेत तर नावं एवढी कशाला?"

"अगं, प्रत्येकाला वाटतं आपलं वेगळं असावं. आपल्याकडं मठ नाहीत का?" तो हसला. "मामीला सरळ एक टॅब घेऊन दे. पत्तेच खेळायचेत ना?"

"तू दिलेल्या फोनला तिचं बोट लागत नाही. दहादा दाबते तेव्हा एकदा उचलला जातो."

मागून आई म्हणाली, "आणि फोनवर दोघांनी कसं बघायचं?"

महांतेश म्हणाला, "लिंक पाठवतो," आणि त्यानं सात लिंका पाठवल्या. एकीखालीही एक शब्द नव्हता.

पुढचे दिवस मी लोकांची मतं वाचण्यात घालवले. प्रत्येक मताची सुरुवात 'हे अगदी हलकं आहे' अशी, आणि खाली बारीक अक्षरात चार जीबी मेमरीची अट. फुलासारखी हलकी नवरी, फक्त बैलगाड्या दोन लागतील, तसं. घरात मोबाइलला रेंज नाही, म्हणून मी गच्चीच्या जिन्यात बसून फाइल उतरवून घ्यायची, माझ्या लॅपटॉपवरून पेनड्राइव्हवर चढवायची, खाली येऊन नेटबुकला लावायची, आणि आईनं विचारायचं, "झालं?"

पहिलं मी देखणं म्हणून निवडलं. त्यानं सुरू होण्याआधीच कळवलं की त्याला चौसष्ट बिटचा प्रोसेसर लागतो आणि समोरचा बत्तीस बिटचा आहे. मग कळलं की बहुतेक नावाजलेल्यांनी बत्तीस बिटला कधीच निरोप दिलाय. कुठं एखाद्या कोपऱ्यात एक ओळ: 'आता फार थोडे लोक ही यंत्रं वापरतात.' त्या थोड्या लोकांतली एक आत शेंगा फोडत बसली होती.

दुसरं बत्तीस बिटचं होतं, आणि सुरूही झालं. माउस हलवला की बाण थोड्या वेळानं, विचार करून निघे. त्या वेळात मी चहा टाकला, उकळला, गाळला. परत आले तेव्हा मेनू निम्मा उघडला होता.

"आजारी हाय का?" आईनं विचारलं.

"म्हातारं आहे."

"म्हातारं असलं म्हणून काय झालं? आमी न्हाय का चालत?"

तिसऱ्याच्या पडद्यावर कुत्र्याचं पिल्लू होतं. हे मात्र पळालं. आईला पिल्लू आवडलं, आणि मला वाटलं, सुटले. पण त्यानं पहिल्याच खिडकीत भाषा, घड्याळ, कळफलक असं काहीबाही विचारलं, आणि ती खिडकी आमच्या पडद्यापेक्षा उंच निघाली. 'ठीक आहे'चं बटण पडद्याच्या खाली, कुठंतरी पाटाच्या आत. मी खिडकी वर ओढू पाहिली, ती वर जाईना. अक्षरं लहान करायला गेले, तर त्यासाठी उघडलेल्या खिडकीचंही बटण खालीच. मी कपाळाला हात लावला.

"लाल टिकली दाब की," आई म्हणाली.

एन्टरच्या कळीवर अप्पांनी आईच्या पाकिटातली लाल टिकली चिकटवली होती. किती वर्षं झाली असतील, कडा काळ्या पडल्या होत्या.

"आई, हे लिनक्स आहे. ते वेगळं असतं."

"बटण खालीच जायचं ह्याचं. पहिल्यापासनं. हे म्हणायचे, दिसत न्हाय म्हणून काय न्हाय असं न्हाय. लाल टिकली दाबायची."

मी दाबली. खिडकी गेली. आईनं पुन्हा शेंगांत हात घातला. पण जिन्यात ठेवलेल्या माझ्या मोबाइलचं वायफाय पिल्लाला शेवटपर्यंत सापडलं नाही, आणि त्याच्याजवळचा पत्त्यांचा खेळ भलताच होता.

या सगळ्यात रोज संध्याकाळी आई ओट्यावर जाऊन बसत होती. मी आत यंत्राशी झटत होते. ती बाहेर, रस्त्यावरची एसटी आणि मोटारसायकली बघत. जेवायला मी हाक मारायची. ती "येते" म्हणायची. भाकरी गार व्हायची.

शेवटी डेबियन नावाच्या जुन्या लिनक्सच्या पायावर उभं केलेलं, कमी मेमरीच्या यंत्रांसाठीच राखलेलं अँटीएक्स नावाचं एक सापडलं. बत्तीस बिटचं. रूप म्हणाल तर बँकेतल्या फलकासारखं. पण बाण हात हलवला की हलत होता आणि वायफाय दिसत होतं. नवमीच्या सकाळी मी ते कायमचं बसवायला लावलं. खालची पट्टी निम्म्याच्या पुढं सरकलेली पाहिली आणि निवांत आंघोळीला गेले.

बाहेर आले तर जमिनीवर पाट मांडलेला. पाटावर अप्पांची तागडी, पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढायची पितळी नळी, विळी, कात्री. मधोमध नेटबुक, मिटलेलं, झाकणावर विभूतीची तीन बोटं आणि एक झेंडू. त्याच्या शेजारी माझा लॅपटॉप. त्यालाही तीन बोटं.

खंडेनवमी. मी पार विसरले होते.

"आई, ते चालू होतं!"

"चालू हत्याराची पूजा करत्यात का कुठं? बंद करूनच ठेवायचं असतंय."

"बंद कसं केलंस?"

"वायर काढली. दरसाल तेच करायचे हे."

"तेव्हा बॅटरी होती त्याला! आता वायर काढली की मरतं ते. निम्मं झालं होतं. आता पुन्हा पहिल्यापासून."

"मग पहिल्यापासनं कर. पण उद्या. आज हत्याराला हात लावायचा न्हाय, आज त्येला आराम."

"निदान माझा लॅपटॉप तरी दे."

"तू त्याच्यावर पोट भरतीस न्हवं? मग ते हत्यार न्हाय व्हय?"

गिरिजाबाई दारातून डोकावल्या. पाट बघून दबक्या आवाजात म्हणाल्या, "शरणाक्का, यंदा सण करताव?"

"आमच्या लिंगायतांत सुतक न्हाय," आई म्हणाली. "आणि त्या हत्यारांनी काय केलंय?"

संध्याकाळी मला करण्यासारखं काही उरलं नाही. म्हणून मी आईच्या शेजारी ओट्यावर जाऊन बसले. आल्यापासून पहिल्यांदाच. ती थोडी सरकली.

"उद्या होईल नक्की," मी म्हणाले. "मग खेळ हवे तेवढे पत्ते."

"मला कुठं खेळता येतंय?"

"म्हणजे?"

"हे खेळायचे. म्या नुसत्या चुका काढायची. काळ्या अठ्ठीवर लाल सत्ती जाती हे दिसतंय, त्यांना दिसायचं न्हाय. न्हाय तर दिसून सोडायचे."

"मग अप्पा गेल्यावर रोज काय करायचीस?"

"मांडून ठेवायची. आखाडात एकदा खेळून बघितलं. आपणच पान टाकायचं आणि आपणच नावं ठेवायची, त्यात काय हाय? मग नुसतं मांडलेलं बघत बसायची. ते पण बंद पडलं."

मला राग आला. खरा राग. "हे आधी सांगायचं की! मी इतके दिवस त्या यंत्राच्या मागं लागलेय."

"तू विचारलंस कुठं? आल्यापासनं तू त्याच्याशीच बोलतीस."

समोरून येडशीकडं जाणारी एसटी गेली. मग बराच वेळ काही गेलं नाही. मी मनात हिशेब मांडत होते: मी परवा पुण्याला जाणार, यंत्र सुरू होणार, पत्ते मांडले जाणार, आणि आई पुन्हा इथं येऊन बसणार. कितीही हलकं लिनक्स आणलं तरी त्यात चुकणारा माणूस येत नव्हता.

दसऱ्याला सकाळी आईनं पाट उचलला. मी नेटबुकवरची विभूती पुसली नाही. वायर लावली, अँटीएक्स पहिल्यापासून बसवलं. संपेपर्यंत दाराला तोरण झालं, पुरण वाटून झालं. मग अँटीएक्सच्या साठ्यातून पत्त्यांच्या खेळांचं एक बाड उतरवून घेतलं. त्यात शेकडो खेळ होते. आपला कुठला ते शोधण्यात दुपार गेली. सापडला, तर पानांची पाठ वेगळी, मागचा हिरवा वेगळा.

"ही आपली न्हाईत," आई लांबूनच म्हणाली.

"आई, पत्ते ते पत्ते."

"बरं."

हिरवा तरी बदलावा म्हणून मी मेनू चाळू लागले, आणि कशावर तरी चुकून बोट पडलं. पानं आपोआप हलायला लागली. एक उचललं, दुसऱ्यावर ठेवलं, गड्डीतून तीन काढली. मी थांबवायला गेले तर थांबेना. आता हे काय नवीन, म्हणून मी वायरलाच हात घातला.

"अगं, ती इस्पिकची नव्वी!" आई माझ्या मागं येऊन उभी होती, हातात आपट्याची पानं. "लाल दश्शी मोकळी हाय. ठेव की तिच्यावर."

"मी नाही खेळत. आपोआप चाललंय. दाखवायला म्हणून यंत्रच खेळतं."

आईनं वाकून पाहिलं. यंत्रानं नव्वी सोडून पुन्हा गड्डीतून तीन पानं काढली.

"दिसत न्हाय का ह्याला?"

"फार हुशार नाही ते."

"लई येडं हाय," आई म्हणाली, आणि खाली बसली.

डाव अडकला. मधोमध खिडकी आली, बटण अर्थातच पडद्याच्या खाली. मी पुढं झाले, तेवढ्यात आईनं माझा हात बाजूला केला आणि लाल टिकली दाबली. त्यानंतर नवा डाव कसा सुरू करायचा ते मी तिला दोनदा दाखवलं. तिसऱ्यांदा तिनं मला दाखवलं.

संध्याकाळी सोनं द्यायला गिरिजाबाई आल्या. आम्ही तिघी ओट्यावर बसलो. आईनं त्यांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली, सुनेची चौकशी केली. दिवे लागले. आईनं एकदा दाराकडं पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"बसा तुम्ही," ती उठत म्हणाली. "किलवरचा राजा अडकवून ठेवलाय त्यानं. काय करतंय बघून येते."

ती आत गेली. पाट सरकवल्याचा आवाज आला. गिरिजाबाईंनी माझ्याकडं पाहिलं, मी पायरीवरची पानं गोळा करत होते.

आतून आवाज आला, खणखणीत. "हुच्चा! अरे, हुच्चा!"

"कुणाला म्हणतेत?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"यंत्राला," मी म्हणाले.

आत एक कळ दाबल्याचा आवाज आला, लाल टिकलीचाच असणार.