येते म्हटलं आणि अडकले

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची. असेल. पण त्या भिंगरीने मला आजवर नेलं कुठे, तर लोकांच्या तिसऱ्या-चौथ्या मजल्यांवर. मी घरोघरी जाऊन रक्त काढते. लॅबचा डबा खांद्याला अडकवून सकाळी सहाला निघायचं, यादीतल्या घरांच्या बेल वाजवायच्या, उपाशीपोटी बसवल्यामुळे आधीच चिडलेल्या माणसांच्या दंडाला पट्टा आवळायचा, शीर शोधायची, नळ्या भरायच्या, त्यांवर नाव आणि वेळ लिहायची, कापूस दाबून धरा म्हणायचं आणि पुढचं घर गाठायचं. अकराच्या आत सगळे नमुने लॅबमध्ये पोचले नाहीत तर मॅडम काही बोलत नाहीत, नुसत्या घड्याळाकडे बघतात. त्यापेक्षा बोललेलं परवडलं.

सुई टोचताना माणसाचं लक्ष दुसरीकडे न्यावं लागतं. आमच्यातल्या कुणी हवापाण्याचं विचारतात, कुणी मुलाबाळांचं. मी विचारते, एवढ्यात कुठे फिरून आलात? हे मी त्यांच्यासाठी कमी आणि माझ्या हावरटपणापायी जास्त विचारते, उगीच लपवत नाही. माणसं खुलतात, सांगत सुटतात, सुई आत गेलेली त्यांना कळतही नाही. एका दुकानदाराने हॉटेलच्या खिडकीतून धुमसणारा ज्वालामुखी दिसत होता असं सांगितलं, आणि पुढची दहा मिनिटं तिथे आंघोळीला गरम पाणी नव्हतं म्हणून कटकट केली. एक म्हातारी उंटावरून पडली होती. त्या पडण्याचा तिला इतका अभिमान होता की मी जळून खाक झाले. मी आजवर कशावरूनही पडलेले नाही.

आमच्या घरी सुट्टी येते आणि कुणाच्या तरी कामाला लागते. एका वर्षी घराला रंग दिला. एका वर्षी दिराने घर बदललं, तर आम्ही सुट्टीभर त्यांची खोकी उचलली. एका वर्षी लेकीला कांजिण्या आल्या, त्या गेल्या तेव्हा मला आल्या. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर लोकांच्या इमारतींच्या पोटात असतो. प्रत्येक वेळी माझं तोंड उतरलं की तो म्हणतो, पुढच्या वर्षी नक्की. या 'नक्की'वर सरकारने बंदी घातली पाहिजे. मी आपली नकाशे बघते, बसल्या जागी पाय हलवते, आणि लेक ओरडते की आई, अख्खा सोफा हलतोय.

तर बाई. बाई म्हणजे शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, आमच्या जुन्या पेशंट. हृदयातली एक झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवायची गोळी कायमची. ते किती पातळ आहे हे बघायला मी दर पंधरा दिवसांनी मंगळवारी त्यांच्याकडे जाते. निळ्या झाकणाची एकच नळी, पण बरोबर खुणेपर्यंत भरावी लागते. बाईंना कमी ऐकू येतं. दार उघडलं की त्या आतल्या रिकाम्या घराला ओरडून सांगतात, "डास आला गं." डास म्हणजे मी.

त्या मंगळवारी मला आधीच उशीर झाला होता. मी दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होते आणि बाई मागे उभ्या राहून त्यांच्या सहलीचं सांगत होत्या. नदीतून बोटीने जायचं, आठ दिवस, ती समुद्राला मिळते तिथपर्यंत. मुलगा परदेशात, तो एकटीला सोडायला तयार नाही. त्याने बोट टोचून रक्त तपासायचं छोटं यंत्र पाठवलंय, पण बाईंचे हात थरथरतात. मी हं हं करत होते. डबा उचलला, जिन्याकडे वळले, आणि त्या मागून काहीतरी म्हणाल्या. काय ते मला नीट ऐकू आलं नाही. मी नेहमीसारखं मोठ्याने म्हटलं, "येते हं, बाई."

आता मला सांगा, आपल्यात कुणी 'जाते' म्हणून कुणाच्या घरातून बाहेर पडतं का? जीभच वळत नाही. जाणारं माणूस येते म्हणतं, आणि ऐकणारं माणूस बरं म्हणतं. बाईही बरं म्हणाल्या. मी तीन मजले उतरून पुढच्या घरी गेले.

पंधरा दिवसांनी गेले तर टेबलावर दोन तिकिटं. एक त्यांचं, एक माझं. नाव अगदी बरोबर लिहिलेलं. चुकलं असतं तर तेवढाच आधार मिळाला असता. बाई म्हणाल्या, येतेस का विचारलं तर तू येते म्हणालीस, म्हणून मुलगा तयार झाला, खर्चाचं तोच बघतोय, तू फक्त ते यंत्र सांभाळ आणि माझं बोट टोच. शुक्रवारपर्यंत बोटवाल्यांना पक्कं कळवायचं आहे. माझ्या तोंडचं पाणी पळालं. अहो बाई, ते येते म्हणजे तसलं येते नव्हे, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि त्यांनी बाही वर करून हात पुढे केला. कोपराच्या आतल्या बाजूला माझ्याच सुयांचे जुने निळे डाग होते. मी पट्टा आवळला. निघताना बघते म्हणाले.

ते दोन दिवस मी कुठल्या अवस्थेत काढले ते माझं मला माहीत. बुधवारी एका धडधाकट माणसाची शीर मला दोनदा सापडली नाही, जणू मीच पेशंट आहे असा तो माझ्याकडे बघत होता. एका नळीवर मी तारीख लिहिली ती प्रवासाची लिहिली. लॅबच्या काउंटरवर बसणारी मैत्रीण म्हणाली, अगं मग जा ना, तुझी रजा साठून साठून आंबली आहे. मी तिच्यावर खेकसले. जा ना म्हणे. घर कोण बघणार? लेकीची परीक्षा आहे, नवऱ्याला साधा कुकर लावता येत नाही, शिट्ट्या मोजता मोजता तो कुकरलाच विसरतो. आणि त्याला टाकून मी एकटीने जायचं? वीस वर्षं आपण आपण म्हणत आले, आणि आता एका भूगोलाच्या बाईंबरोबर बोटीत जाऊन बसायचं? हे सगळं मी तिला ऐकवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि पावत्या फाडत राहिली.

गुरुवारी दुपारी काम संपल्यावर मी बाईंकडे गेले, नाही सांगायला. सगळं पाठ करून गेले होते. बाई, गैरसमज झाला, मी आपली निघताना म्हणतात तसं म्हणाले, तुम्हाला कमी ऐकू येतं, त्यात तुमचा दोष नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "कान गेलेत माझे. अक्कल नाही गेली."

म्हणजे काय, मी विचारलं.

"दर पंधरा दिवसांनी तू येते म्हणतेस आणि जातेस. मला काय कळत नाही होय? मी म्हटलं, एकदा तुझं बोललेलं जसंच्या तसं धरून बघावं."

म्हणजे तुम्ही मला फसवलंत, मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. म्हातारं माणूस म्हणून मी दोन दिवस जिवाला खाते आहे, आणि यांनी जाणूनबुजून माझं तिकीट काढलं. बाई हो म्हणाल्या. लाज वाटल्यासारखं अजिबात दाखवलं नाही. मग त्या म्हणाल्या की एकतीस वर्षं त्यांनी फळ्यावर त्रिभुज प्रदेश काढला. नदी समुद्राजवळ आली की तिला कसे फाटे फुटतात, गाळ कसा साचतो, खडूच्या चार रेघा, आता डोळे मिटूनही काढता येईल. एकदा पहिल्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, बाई, तुम्ही पाहिलाय का?

"मी हो म्हणाले," बाई म्हणाल्या. "सगळ्या वर्गासमोर. दर वर्षी हो म्हणत राहिले. माझ्या हातून दुसरं मोठं पाप झालेलं नाही, पण तेवढं खोटं खरं करून मरायचंय मला. तू नाही म्हणालीस तर मुलगा उद्या तिकिटं रद्द करेल. पुढच्या वर्षी ही झडप काय म्हणेल, ते तुमची लॅबही सांगू शकत नाही."

मी उद्या सकाळी सांगते म्हणाले आणि जिना उतरले. घरापर्यंत चालत गेले, बस सोडून दिली. वाटेत नवऱ्याशी भांडण पूर्ण तयार केलं. तो काय म्हणेल, त्यावर मी काय म्हणेन, मग तो रंग, ती खोकी, ते नक्की, सगळं एकेक करून त्याच्यासमोर मांडायचं. आपल्या दारापाशी येईपर्यंत मी दोन्ही बाजूंनी भांडून दमले होते.

नवरा टेबलावर लेकीचा पंखा उघडून बसला होता. पाती एकीकडे, जाळी एकीकडे. मी बूटही न काढता सांगितलं, "मी आठ दिवस जातेय. बाईंबरोबर. तुझ्याशिवाय."

"जा की," तो म्हणाला. मान वर न करता.

झालं. माझं डोकंच फिरलं. जा की? इतकं सोपं होतं? मी वीस वर्षं जाऊ जाऊ म्हणून घसा कोरडा केला, आणि तू पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत मला इथे बांधून ठेवलंस, आणि आज जा की? लेक खोलीतून डोकावली आणि परत आत गेली. मी बोलत राहिले. त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला, हात पुसले, आणि माझं सगळं संपायची वाट बघितली. त्याला ते छान जमतं.

मग म्हणाला, "खरं सांगू का? गेल्या वर्षी माझी कंबर धरली नव्हती."

गेल्या वर्षी बॅगा भरून दारात ठेवल्या होत्या. निघायच्या सकाळी हा पलंगावरून उठेना. तीन दिवस मी याला शेक दिला, मलम चोळलं, उशा लावल्या, सगळी सुट्टी त्या कंबरेत गेली.

"मला कुठे जायचंच नसतं गं," तो म्हणाला. "परक्या गादीवर झोप लागत नाही मला. सामान भरायला घेतलं की बॅग परत माळ्यावर टाकावीशी वाटते. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींत लटकत असतो, सुट्टीत मला आपल्या घरात बसायचं असतं. पण तू इतकी आशेने आपण जाऊ म्हणायचीस की मला नाही म्हणता यायचं नाही. तू 'आपण' म्हटलंस की मला घाम फुटायचा. मी वाट बघायचो की एकदा तरी ही नुसतं 'मी' म्हणेल."

मी खुर्चीवर बसले. मला त्याचा गळा धरावासा वाटत होता, आणि त्याच वेळी मला कळत होतं की हा खोटं बोलत नाहीये. मी कधीच नुसतं 'मी' म्हटलं नव्हतं. अगदी मनातही नाही. माझ्या डोक्यातल्या सगळ्या बोटी, सगळे डोंगर, सगळ्या खिडक्या यांत मी याला शेजारी बसवून ठेवला होता. का, तर एकटीने जायची मला भीती वाटत होती. जगभरच्या गोष्टी ऐकणारी मी, मला साधं दुसऱ्या गावचं स्टेशन एकटीने बघायची छाती नव्हती. ती भीती मी याच्या नक्कीमागे लपवून ठेवली होती, आणि आता लपायला जागा उरली नाही. पाय हलायचे थांबले होते.

उठले आणि बाईंना फोन लावला. त्यांना ऐकू जावं म्हणून ओरडावं लागतं, त्यामुळे माझं बोलणं शेजारपाजारच्यांनीही ऐकलं असणार.

"बाई, मला पोहता येत नाही."

"मलाही नाही," बाई ओरडल्या. "बॅग लहान आण."

मी फोन ठेवून वळले, तर नवरा स्टुलावर चढून माळ्यावरून बॅग काढत होता. धूळ झटकत होता, चेन मागेपुढे करून बघत होता, आणि शिट्टी वाजवत होता. हा माणूस बॅग हातात असताना शिट्टी वाजवू शकतो हे मला ठाऊकच नव्हतं. मला भयंकर राग आला. मग रडूच फुटलं. इतकी वर्षं दर सुट्टीत मी याला ओढून न्यायला निघत होते, आणि बिचाऱ्याला एकदाही नीट घरी राहू दिलं नव्हतं.