पाचर

“खडू दे,” हे म्हणाले.

मी दिला. सासूबाईंच्या खोलीचं दार घासत होतं. ह्यांनी चौकटीला आतून खडू फासला, दार एकदा लावून उघडलं आणि कुठे पांढरं उमटलं ते पाहिलं. वरच्या कोपऱ्यात. मग दार उतरवून तिथे रंधा फिरवला, पुन्हा बसवलं. बोटाने ढकललं तरी लागलं. सुताराच्या बायकोला एवढं सुख असतंच, दारासाठी कुणाच्या मागे लागावं लागत नाही.

“झालं, आई.”

सासूबाई पलंगावर होत्या. कमरेने साथ सोडल्यापासून त्यांचं जग त्या खोलीएवढंच उरलं होतं. “दार बरं होतं रे,” त्या म्हणाल्या. “भिंत कुरकुरते.”

“उंदीर असतील.”

पिंजरा लावला. एकही उंदीर सापडला नाही. कुरकुर चालूच राहिली, आणि महिन्याभरात दार पुन्हा घासायला लागलं.

ती खोली ह्यांनी स्वतः बांधली होती, आईसाठी, सुटीच्या दिवशी मला हाताशी घेऊन. त्यामुळे तिच्याबद्दल कुणी वावगा शब्द काढला की ह्यांच्या कपाळाला आठी पडायची. मागच्या मोरीचं पाणी भिंतीकडे मुरतंय, तिथली माती पायाखाली दबते, हे मी सांगून पाहिलं. ह्यांनी तिथे दोन फरशा टाकल्या आणि आत येऊन दार उतरवलं.

“गवंड्याला दाखवू या का?”

“दार घासतंय म्हणून सुताराने गवंडी बोलवायचा? लोक हसतील मला.”

एका बाजूने तासल्यावर दुसरीकडे फट पडली. फटीला पट्टी ठोकली. पट्टी घासली म्हणून तीही तासली. शेवटी त्या दाराला चौकोनी म्हणायला जीभ रेटेना. “उरलंसुरलं तर चमचे करा त्याचे,” मी म्हटलं. हे हसले नाहीत. माझ्या थट्टेवर न हसणारा हा माणूस नव्हे, तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग एकदा झाडायला म्हणून कपाट सरकवलं, तर मागे भेग. छतापासून जमिनीपर्यंत, करंगळी जाईल एवढी. हे तिच्यात बोट घालून बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता तरी गवंडी येणार. ह्यांनी सागाचा तुकडा घेतला, भेगेच्या मापाची लांब पाचर केली, कडा घासल्या, पॉलिश लावलं आणि ती भेगेत ठोकून बसवली. काम इतकं सुबक की मला रडू आलं. ह्या माणसाला लाकडाशिवाय काही ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक होतं ते सगळं तो त्या भिंतीला देत होता.

सासूबाईंना दुसऱ्या खोलीत हलवू या म्हटलं, तर हे म्हणाले, “म्हणजे खोली पडणार असं तूच ठरवलंस का?”

त्यानंतर एका सकाळी मी सासूबाईंची चादर बदलत असताना पाचर भिंतीतून निसटून खाली पडली. कुणी हात लावला नव्हता. आम्ही दोघींनी ती पडताना पाहिली.

“त्याला सांग,” सासूबाई म्हणाल्या. “पण हळू सांग.”

पाचर घेऊन मी बाहेर आले आणि माझ्यामागे दार आपोआप लागलं. ढकललं, हलेना. खांदा लावला, तरी हलेना. खिडकीला गज होते, तेही ह्यांनीच बसवलेले.

“अहो, या लवकर.”

हे अंगणातून धावत आले. हातात रंधा होता. मी पाचर त्यांच्या दुसऱ्या हातात ठेवली.

“रंधा ठेवा,” मी म्हटलं. “कुऱ्हाड घ्या.”

ह्यांनी एकदा वर पाहिलं. चौकटीवरच्या विटा खाली सरकून दारावर बसल्या होत्या. आता दारच भिंत तोलून धरत होतं. ह्यांनी वरच्या भागाला हात लावला नाही, खालची फळी फोडायला घेतली.

“आई, हलू नकोस.”

“मी कुठे जातेय?” आतून उत्तर आलं.

फोडलेल्या जागेतून हे सरपटत आत गेले आणि आईला चादरीवर घेऊन ओढत आणलं. मी अलीकडून डोकं सांभाळलं. अंगणात खुर्चीवर बसवलं तेव्हा त्यांच्या केसांत लाकडाचा भुसा होता. हे तो बोटांनी काढत राहिले. दुपारी भिंत बसली, छप्पर तिच्यामागोमाग आलं.

उरलेल्या घरातही राहण्यात अर्थ नव्हता. आम्ही तिघं लेकीकडे आलो. पहिल्याच दिवशी जेवताना ती म्हणाली, “बाबा, आलाच आहात तर आमच्या न्हाणीघराचं दार बघा ना. जरा घासतंय.”

सासूबाईंचा घास हातातच राहिला. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

हे ताटावरून उठले. हत्यारांची पिशवी दाराशीच होती, तिला हात न लावता पुढे गेले. दाराकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. शेजारच्या भिंतीला कान लावून उभे राहिले, आणि लेक काही विचारायला लागली तेव्हा तिला हातानेच गप्प राहायला सांगितलं.