म्यूट दाबून हसणाऱ्यांच्या टेबलावरून

मी स्पीकर बोलतोय. वाघोलीतल्या एका कंपनीत, मुलाखतीच्या खोलीत, टेबलाच्या मधोमध ठेवलेला चपटा फोन. बोलणं आडदांड वाटलं तर वाटू द्या. कारखान्यात मला जोडलं शिरूरकडच्या गोदाबाईनं. हात चालायचे तसं तिचं तोंडबी चालायचं. तीच बोली अंगात मुरली.

माझं काम एकच. पलीकडचा आवाज हाय तसा इकडं आणायचा. पर इथली माणसं उत्तर ऐकतच न्हाईत, आवाजाचं गाव हुडकत्यात! गाव घावलं की म्यूटचं बटण दाबायचं, माझा लाल दिवा लागला की पोट धरून हसायचं. पलीकडच्याला वाटतं, साहेब विचार करत्यात. कसला डोंबलाचा विचार!

परवा आम्रपाली होती, भंडाऱ्याकडची. मालाच्या गाड्यांवर नजर ठेवायची नोकरी. आधीची कंपनी बंद पडलेली, म्हणून तिला ही पायजेच होती.

मुलाखत घ्यायला दोघं, अभिनव साहेब आन् नीरजा मॅडम. साहेबांनी विचारलं, "गाडी रस्त्यात बंद पडली, गिऱ्हाईक ओरडतंय. काय कराल?"

"आधी त्याले खरं सांगीन सर. मंग जवळची दुसरी गाडी पाठवीन. दोन वर्षं हेच काम करत होती नं मी."

झालं! नीरजा मॅडमचा हात बटणावर. त्याच दमात साहेबांचाबी. एकीनं आवाज बंद केला, दुसऱ्यानं परत चालू केला. दिव्याकडं बघतंय कोण?

"वा! ही बोलली की गिऱ्हाईक दुभाषी मागवेल," साहेब म्हणाले. मॅडम खिदळल्या.

म्या पोचवलं. जसंच्या तसं.

"सर, आयकू आलं मले," आम्रपाली म्हणाली. "मी काय म्हटलं ते समजलं होतं काय तुमाले?"

"हो... समजलं," मॅडम पुटपुटल्या.

"मंग हसले काऊन?"

तिनं फोन कट केला.

"कम्युनिकेशनचा प्रॉब्लेम आहे, दुसरं काय," साहेब म्हणाले.

"तिचा नाही, अभिनव. आपला."

मॅडमनी रीत बदलली. सगळ्यांना तेच प्रश्न. उत्तरं लेखी, नाव-गाव झाकून. मार्क आधी, फोन मागनं. साहेब अजून कुरकुरत्यात. हे आधी सुचलं असतं तर काय बिघडलं असतं?

आम्रपालीनं फोनवर दिलेलं उत्तरबी मॅडमनी नाव झाकून त्यातच लिहून घातलं, आन् नोकरी तिचीच ठरली. मॅडम रोज तिचा नंबर लावत्यात. रिंग जाते, ती उचलत न्हाय. उचल गं बाई, असं वाटतं. मग वाटतं, का उचलावा तिनं?

मुलाखती घेणाऱ्यांनो, बटणावरचा हात काढा आन् उत्तर ऐका. आवाज म्या कुठनंबी आणीन. रुसून गेलेलं माणूस मला आणता येत न्हाय.