पुढची तारीख

पारदर्शक पिशवीतला तो लोखंडी नट... बोटाच्या पेराएवढाही नसेल. पण त्याच्या आट्यांतून सुटलेला तांबूस भुगा पिशवीच्या कोपऱ्यात साचला होता आणि पिशवी तिरपी केली की इकडून तिकडे सरकत होता. तिने ती पुन्हा तिरपी केली. सकाळपासून हेच चाललं होतं. समोर संगणकाच्या पडद्यावर कामांचा बोर्ड उघडा — ‘करायचं’, ‘चालू’, ‘झालं’ असे तीन रकाने — आणि मधल्या रकान्यात एकच कार्ड, मुदत उलटून गेल्यामुळे लाल झालेलं : निष्कर्ष.

हा बोर्ड धाकट्या भावाने बसवून दिला होता. “ताई, तुझं काम अवघड नसतं गं. तुला ते डोंगराएवढं दिसतं, म्हणून तू पायथ्याशीच बसकण मारतेस. डोंगर फोड. एकेक दगड उचल.” एका रविवारी शेजारी खुर्ची ओढून त्याने तिच्या त्या अहवालाचे — पोहण्याच्या तलावावरच्या छताच्या तपासणीचे — तुकडे करून दिले. छायाचित्रं निवडणं. मोजमापं टंकणं. जुने नकाशे जुळवणं. आणि खरंच, सुरुवातीचे दिवस काय मजेत गेले! कार्ड ‘झालं’मध्ये सरकवलं की ते हिरवं व्हायचं, बारीक किणकिण व्हायची, आणि ती — जिला अख्खं घर उद्याबाई म्हणायचं, जी परीक्षेच्या दिवशी सकाळी पुस्तकांना कव्हरं घालत बसायची, जिचं ‘कळवते, कळवते’ ऐकता ऐकता एका भल्या माणसाचं लग्न दुसरीकडे ठरून पार पडलं — ती उद्याबाई लहान मुलीसारखी एकटीच हसायची. जमतंय की मला! एवढंच होतं होय!

एवढंच नव्हतं. सगळे दगड उचलून झाले आणि खाली हा निघाला... निष्कर्ष. याचे तुकडे होत नव्हते. तलावावरचं ते जड छत वरच्या तुळयांना सळ्यांनी टांगलेलं. पाण्यातल्या क्लोरीनची वाफ वर्षानुवर्षं त्या सळ्यांना चाटत आलेली. शिडीवर चढून, हात पोचला तिथवर तिने पाहिलं होतं — काही सळ्या लखलखीत, काही गंजून पोखरलेल्या — पिशवीतला नट त्यांतल्याच एकीचा — आणि हवा खेळवणाऱ्या मोठ्या नळकांड्याच्या मागच्या तर दिसल्याच नव्हत्या. यावरून काय सांगायचं? बंद करा म्हणावं आणि छत उघडल्यावर सगळं ठणठणीत निघालं, तर? वस्तीतला एकुलता एक तलाव, शिकवणाऱ्यांची पोटं त्यावर... भित्री बाई म्हणतील, पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही. आणि चालू ठेवा म्हणावं, अन्... या ‘अन्’पाशी तिचं मन रोज येऊन थांबायचं, आणि ती उठून चहा टाकायची.

बोर्डालाही हे कळलं असावं. पडद्याच्या कोपऱ्यात चौकोन उगवला : ‘हे काम वारंवार पुढे जात आहे. आणखी लहान भाग करायचे का?’ करायचे. तिने नवी कार्डं केली — फाइल उघडणे. मथळा ठळक करणे. समास नीट करणे. एकेक करून सगळी ‘झालं’मध्ये गेली, किणकिण, किणकिण... आणि लाल कार्डाची तारीख तिने अगदी अलगद, झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तशी, पुढे सरकवली. ते पांढरं झालं. निवांत झालं. मी काय करतेय हे?

फोन वाजला. तलावाचा व्यवस्थापक.

“मॅडम, कागद येऊ दे सावकाश. तोंडी तरी सांगा. सोमवारी शाळांच्या स्पर्धा आहेत, बाकंसुद्धा मागवलीत. करू ना?”

“मी... बघते. सांगते तुम्हाला.”

“म्हणजे काही गडबड नाही ना? असती तर तुम्ही कधीच कळवलं असतं. आम्ही तसंच धरून चाललोय.”

“सांगते,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिने घाईघाईने एक कार्ड केलं — पुन्हा एकदा प्रत्यक्ष पाहणी — आणि लगेच निघाली. जागचं उठणं म्हणजे कामच की.

दार ढकललं तशी ती दमट, डोळ्यांना झोंबणारी हवा अंगावर आली, आणि तो आवाज — भिंतींवर आपटून दुप्पट होणारा पोरांचा कलकलाट. उथळ बाजूला मुलं काठाला धरून पाय आपटत होती. शिट्टी गळ्यात अडकवलेली शिक्षिका तिला पाहून हसली.

“आज परत? बघा, बघा. वरचं तुमच्याकडे, खालचं आमच्याकडे.” मग पाण्याकडे वळून, “ए, गुडघे वाकवायचे नाहीत! बेडूक आहेस का तू?”

ती भिंतीला टेकून वर पाहत राहिली. पांढऱ्या चौकटी, एकसारख्या, सांध्यांशी जरा पिवळट. इथून काय दिसणार? इथून काहीच दिसणार नव्हतं, आणि हे तिला निघतानाच माहीत होतं... खिशात फोन थरथरला. भाऊ. त्यालाही तिचा बोर्ड दिसत असे.

‘ताई, आज बोर्ड हिरवागार! शाब्बास! सांगितलं होतं ना, जमेल म्हणून!’

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. हिरवागार. खरंच तर आहे, रोज काम झालंय माझं. ‘तसंच धरून चाललोय’, व्यवस्थापक म्हणाला होता. म्हणजे अहवाल गेलाच होता की! ज्या दिवशी तिने पहिल्यांदा तारीख पुढे सरकवली त्या दिवशीच गेला होता, आणि त्यानंतर रोज, चहा टाकताना, समास नीट करताना, ती न लिहिता एकच वाक्य लिहीत आली होती — वापरास सुरक्षित, वापरास सुरक्षित — तिच्या सहीनिशी, आणि त्याच वाक्याखाली ही एवढीएवढीशी माणसं पाय आपटत होती.

“यांना बाहेर काढा.”

आवाज इतका बारीक निघाला की शिक्षिकेला ऐकूच गेला नाही. “काय म्हणालात?”

“मुलांना. पाण्यातून बाहेर. आत्ता. आणि हॉलमध्येही नको, बाहेर अंगणात न्या.”

“का हो? काय झालं?” शिक्षिकेने वर पाहिलं. वर सगळं होतं तसंच होतं. “पडणार आहे का?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे? तुम्हाला माहीत नाही, तर मग...”

“माहीत नाही, म्हणूनच. घ्या ना, घ्या बाहेर.”

शिट्टी वाजली. मुलं कुरकुरत, ओली, कुडकुडत एकामागून एक निघाली. एकाने जाता जाता तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने त्याचं काही हिसकावून घेतलं होतं. कार्यालयाचं दार उघडून व्यवस्थापक येताना दिसला, भराभर, पालथ्या हाताने तोंड पुसत. आता तो विचारेल — सोमवारचं काय, कोणाच्या हुकमाने, पुरावा काय — आणि तिच्यापाशी पुरावा नव्हता. चार पोखरलेल्या सळ्या होत्या आणि न दिसलेल्या बाकीच्या. ती चुकीची असेल. अगदी असेल. भीती तसूभरही उतरली नव्हती. उलट इतके दिवस जी लांब, धूसर, पुढच्या कुठल्यातरी तारखेला उभी होती, ती आता थेट अंगाला येऊन भिडली होती, कढत, घामेजलेली... आणि नवल म्हणजे तिला मागे सरावंसं वाटत नव्हतं. पाणी अजून हिंदकळत होतं. व्यवस्थापकाचे बूट ओल्या फरशीवर करकरत जवळ येत होते, आणि त्याने तोंड उघडण्याआधीच ‘तलाव बंद करा’ हे तिचं पहिलं वाक्य जिभेवर येऊन थांबलं होतं — दुसरं काय असेल, याचा मात्र तिला पत्ता नव्हता.