बापा सुदिरांच्या कॉम्प्युटरमधली चेटकीण

कॉम्प्युटर अखेर धडपणे सुरू झाला तेव्हा बापा सुदिरांच्या अंगणातल्या सगळ्या गर्दीने एकदम हात जोडले. पडद्यावर भातखाचरांचं एक चित्र उमटलं होतं. यंत्र विकताना दुकानदाराने ते फुकटात टाकून दिलेलं. असली खाचरं आमच्या गावात मान वळवावी तिकडे दिसतात आणि त्यांना आजवर कुणी हात जोडलेले नाहीत.

यंत्रासमोर जेरो वीर्ता डोळे मिटून बसले होते. शुभ्र पांढरे कपडे, डोक्याला पांढरा फेटा, बोटागणिक अंगठी आणि कमरेच्या शेल्यात दोन मोबाईल. आमच्या भागातले हे नावाजलेले बालियन, म्हणजे मंत्राने रोग बरा करणारे. पूर्वी ते पाठदुखी आणि वांझपण बघायचे. आता काळाबरोबर चालतात. मोटारसायकली, मोबाईल, परदेशी नोकरीचे अर्ज असं सगळंच बघतात. पाठ दुखायची थांबली नाही तर माणूस तक्रार करतो, यंत्र करत नाही, हा त्या धंद्यातला फायदा.

झालं होतं ते असं. बापा सुदिरा आमचे शेजारी, त्यांच्या आणि आमच्या घरात एक भिंत. त्यांनी अंगणात पाहुण्यांसाठी तीन खोल्या बांधल्या आहेत. त्या खोल्यांची सगळी नोंदणी कॉम्प्युटरवर चालते. मुलगा कोमांग आर्सा परदेशी सहलींच्या जहाजावर स्वयंपाकघरात आहे आणि त्याचा चेहराही आईबापांना त्याच पडद्यावर दिसतो. यंत्र जुनं, चालू व्हायला एखाद्या म्हाताऱ्याला अंथरुणातून उठायला लागेल तेवढा वेळ घेणारं, पण चालू व्हायचं.

आर्साचं लग्न झालं, लुह मास्तिनी सून म्हणून घरात आली, नवरा जहाजावर परत गेला, आणि यंत्र बिघडलं. बटण दाबलं की गुरगुरायचं, कंपनीचं चिन्ह दाखवायचं, आता चालू होणार असं वाटेपर्यंत पटकन काळं व्हायचं आणि पुन्हा पहिल्यापासून गुरगुरायला लागायचं. दिवसभर हेच. बापांनी ते उचलून गियान्यार शहरातल्या दुकानात नेलं. तिथे ते पहिल्या फटक्यात सुरू झालं. दुकानदाराने धूळ पुसली, पैसे घेतले आणि सांगितलं, याला काही झालेलं नाही. घरी आणलं, पुन्हा तेच.

आता दुकानात चालतं आणि घरात चालत नाही, याचा अर्थ काय? विचार करणाऱ्या माणसाला वाटेल, घरातली वीज तपासावी. आमच्या गल्लीला वाटलं, घरातली सून तपासावी.

सासूबाई मेमे राई यांनी हे प्रथम शेजारणींत बोलून दाखवलं, शेजारणींनी बाजारात नेलं आणि बाजारातून ते जेरो वीर्तांच्या ओट्यावर पोचलं. जेरो आले. त्यांनी यंत्राभोवती फेरी मारली, त्याला कान लावला आणि निदान केलं.

"याची पाठ पर्वताकडे आहे आणि तोंड समुद्राकडे. शक्ती उलटी वाहतेय. आणि एक ऐका, सुदिरा. लेयाकची, चेटकिणीची, जी लहर असते ना, तीच या यंत्राची लहर. त्यामुळे ती घरात शिरली की आधी इथेच येऊन बसते. हे मी नाही म्हणत, विज्ञान म्हणतं."

विज्ञान तिथे हजर नसल्यामुळे त्याला काही विचारता आलं नाही.

मग त्यांनी यंत्राच्या मागे हात घातला आणि एक काळी पुरचुंडी बाहेर काढली. लाल दोऱ्याने गुंडाळलेले लांब केस. बाया मागे सरकल्या. घरात लांब केसांची तरुण बाई एकच होती आणि ती चहाचे पेले घेऊन दारात उभी होती.

"ती चेटकीण आहे असं मी म्हणत नाही," जेरो म्हणाले. असल्या वाक्यानंतर जे म्हणायचं तेच माणूस नेहमी म्हणतो. "तिला बिचारीला ठाऊकही नसेल. पण तिच्या पाठीला लागून काहीतरी आलंय. मोठी शांती करावी लागेल. तोवर तिला माहेरी ठेवा."

शांतीला एक डुक्कर, बदकं, कोंबड्या आणि जेरोंची दक्षिणा. डुक्कर विकत मिळतं. पण लेयाक म्हणून माहेरी गेलेली बाई परत सासरी आल्याचं आमच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. माहेरीही तिच्या हातचं कुणी खात नाही. नवरा तिकडे कुठल्या समुद्रात, त्याला सांगायचं ते याच पडद्यावरून, आणि पडदा काळा.

खात्री पटवायला जेरोंनी एक प्रयोग मांडला. वर्षातून एकदा आमचं सारं बेट न्येपी पाळतं: दिवा नाही, चूल नाही, काम नाही, रस्त्यावर पाऊल नाही. तशी छोटी न्येपी या घरात पाळायची. चूल विझवा, फ्रिज, पंखे, टीव्ही सगळ्यांच्या पिना काढा. फक्त कॉम्प्युटर राहू द्या. आणि मुख्य म्हणजे सुनेला उंबऱ्याबाहेर काढा.

त्याप्रमाणे त्या सकाळी मास्तिनीला आमच्या घरी पाठवलं. जेरो मंत्र पुटपुटले, घंटा वाजवली, पवित्र पाणी शिंपडलं, आणि वर सांगितल्याप्रमाणे भातखाचरं उमटली.

"बघा," जेरो डोळे उघडत म्हणाले. "ती बाहेर गेली, हे आत आलं."

मी घरी आलो. मास्तिनी आमच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती. कपड्यांची पिशवी शेजारी भरून तयार. माझी बायको तिला कॉफी घे म्हणत होती आणि ती कप नुसता हातात धरून होती. मी सांगितलं, सुरू झाला.

"मला कळलं," ती म्हणाली. "पाक रेस्तू, तुम्हाला काही ऐकू येतंय?"

मी म्हटलं, लोक टाळ्या वाजवतायत.

"ते नाही. ही भिंत. हिच्या पलीकडे आमचा पंप आहे. एरवी तुमच्या घरात बसलं की एकसारखा घर्र घर्र ऐकू येतो. आज एकदाही वाजला नाही."

तो पंप मला ठाऊक होता. लग्न ठरलं तेव्हा बापांनी नव्या जोडप्याच्या खोलीला न्हाणी बांधली आणि लग्न होताच तिला आपोआप चालणारा पंप बसवला. नळ उघडला की पाण्याचा दाब उतरतो आणि पंप स्वतःच सुरू होतो. महिन्याभरात आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो बंद झालेलाही मला कळला नाही. तिला कळला. ती उठली आणि पिशवी उचलून अंगणात गेली. मी मागोमाग.

गर्दी तिला बघून दुभंगली. ती सासऱ्यांसमोर उभी राहिली.

"बापा, मी निघते. पिशवी भरलीय. जाण्याआधी एकदा मला त्या खुर्चीवर बसू द्या. दोष माझाच असेल तर सगळ्यांसमोर दिसेल. तुमच्या मुलाला सांगताना तुमची अडचण होणार नाही."

बापा सुदिरांनी जेरोंकडे पाहिलं. जेरो हसले. "बसू दे. हात लावताच बंद पडेल."

बांजारचे, म्हणजे आमच्या वाडीचे, प्रमुख पाक सुक्रा यांनी मान डोलावली. न्यायबुद्धीने नव्हे, फुकटातला दुसरा खेळ कुणाला नको असतो?

यंत्र बंद केलं. मास्तिनी खुर्चीवर बसली, बटण दाबलं. गुरगुर, चिन्ह, मग काळोख. गर्दीने श्वास रोखला. तो काळोख यंत्राचा चालू होतानाचा नेहमीचाच. पाठोपाठ भातखाचरं आली. सून खुर्चीवर, यंत्र चालू.

"माझ्या मंत्राचा अंमल अजून आहे," जेरो म्हणाले.

"तर मग उत्तमच," मास्तिनी म्हणाली. "आता तुम्ही बसा आणि मंत्र चालू ठेवा. मी रस्त्यापलीकडे जाते, हवं तर नदीपलीकडे जाते. बापा, तुम्ही एकच करा. न्हाणीच्या पंपाची पीन लावा. फ्रिज नको, पंखा नको, चूल नको. फक्त पंप."

"पंपाचा इथे काय संबंध?" मेमे राई म्हणाल्या.

"नसेल तर काही बिघडणार नाही, मेमे."

ती खरंच रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी. जेरो खुर्चीवर बसले, घंटा हातात घेतली. नको म्हणायची सोय त्यांनी स्वतःच आपल्या मंत्राच्या थोरवीने घालवली होती. यंत्र बंद करून बापांनी पंपाची पीन लावली आणि बटण दाबलं. यंत्र गुरगुरलं. मागे पंप घुरघुरला. पडदा काळा. पुन्हा चिन्ह, पुन्हा घुरघुर, पुन्हा काळा. जेरोंनी आवाज चढवला. पंपानेही चढवला. पवित्र पाणी, तांदूळ, फुलं, सगळं त्या यंत्रावर पडलं आणि यंत्र एखाद्या बोबड्या पोरासारखं पहिल्याच अक्षरावर अडकत राहिलं.

मास्तिनीला परत बोलावलं. तिने टेबलावरचा वाचायचा दिवा कॉम्प्युटरच्याच प्लगपट्टीत लावला. पंप घुरघुरला की दिवा क्षणभर पार मंदावायचा आणि त्याच क्षणी पडदा काळा व्हायचा. दिवा, पंप, पडदा. पोरंसुद्धा आधीच ओरडून सांगू लागली, आता जाणार.

"न्हाणीची वायर कुठून ओढलीय?" तिने विचारलं.

ती बापांच्या चुलतभावाने ओढली होती. लांबून आणायला नको म्हणून याच खोलीतल्या सॉकेटातून, हाताला लागली त्या बारीक तारेने. पंप सुरू होताना विजेचा मोठा घोट घेतो. त्या तारेवर इतरांसाठी उरतं ते जुन्या यंत्राला पुरत नाही. ते पडतं आणि पहिल्यापासून उठायला लागतं. एवढीच ती लहर.

"पण नळ तर कुणी उघडलेला नाही," पाक सुक्रा म्हणाले. त्या दिवसातला हा त्यांचा एकमेव उपयोगी प्रश्न.

नळ उघडायची गरजच नव्हती. न्हाणीतला नवा नळ पहिल्या दिवसापासून ठिबकत होता. थेंबाथेंबाने दाब उतरायचा, पंप उठायचा, दाब भरून गप्प व्हायचा. म्हाताऱ्या यंत्राचं उठून बसणं पुरं होण्याआधी पंप पुन्हा जागा. दुकानात पंप नव्हता. छोट्या न्येपीत पंपाची पीन काढलेली होती. सुनेबरोबर घरात दोन गोष्टी आल्या होत्या, सून आणि पंप. जेरोंनी दोन्ही एकदम बाहेर काढल्या आणि दोष तेवढा सुनेच्या नावावर लिहिला.

जेरोंनी घंटा खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे ती आता पंपात शिरली आहे."

खोटं सांगत नाही, अर्धी गर्दी आदराने न्हाणीकडे वळली.

मास्तिनी न्हाणीत गेली आणि नळाखालची चावी घट्ट फिरवून आली. ठिबकणं थांबलं. पंप पिनेत, सून खुर्चीत, जेरो तिच्या डोक्यावर उभे. यंत्र गुरगुरलं आणि न अडखळता सुरू झालं.

"चेटकीण नळाच्या रबरी चकतीत होती," ती म्हणाली. "बाजारात नवी मिळते."

राहता राहिली ती पुरचुंडी. मी ती उचलून उदबत्तीच्या टोकाला लावली. माणसाचा केस जळाला की उग्र वास येतो आणि राख होते. हे केस वितळले, आक्रसून त्यांचा काळा मणी झाला आणि प्लॅस्टिकचा वास सुटला. नाटकातल्या मुखवट्याचे नायलॉनचे केस. गियान्यारला जुड्या मिळतात. मी तो मणी जेरोंच्या तळहातावर ठेवला. त्यांना एका आजाऱ्याकडे जायचं एकाएकी आठवलं.

चकती बदलली. पंपाला वेगळी जाड तार ओढली, या वेळी चुलतभावाकडून नव्हे. पाक सुक्रांनी आपल्याला सुरुवातीपासूनच शंका होती असं चार ठिकाणी सांगितलं. मेमे राईंनी माफी मागितली नाही. त्या म्हणाल्या, "नळ गळतोय, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत होते." मास्तिनीने वाद घातला नाही. फक्त कपड्यांची पिशवी तिने रिकामी केली नाही. ती भरलेली पिशवी दाराशी, येताजाता सगळ्यांच्या पायात येईल अशी, कितीतरी दिवस उभी होती. आर्सा जहाजावरून आला तेव्हा त्याने ती आईबापांसमोर स्वतःच्या हाताने उघडली.

जेरो वीर्तांच्या ओट्यावरची गर्दी कमी झालेली नाही. हल्ली ते पंपही बघतात.

तेव्हा त्या ओट्याकडे निघालेल्यांना एवढंच सांगायचं आहे. घरात काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय होतं ते बघा. दहा गोष्टी एकदम बदलणारा माणूस दुरुस्ती करत नसतो, स्वतःला हवं ते उत्तर लपवून आणत असतो. आधी पीन काढून बघा, मग तार, मग पंप, मग नळ. माणसाला उंबऱ्याबाहेर काढायची वेळ सगळं तपासून झाल्यावर येते, आणि सगळं नीट तपासलं तर ती येतच नाही.